पुढच्या रांगेतली वही

मी बावीस वर्षांची होते आणि मला मराठी शॉर्टहँड मिनिटाला शंभर शब्दांच्या वेगाने घेता येत होतं. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कामाला होते. शॉर्टहँड म्हणजे काय हे त्यांना शेवटपर्यंत नीट समजलं नाही. रविवारी ते माझी वही हातात घेऊन उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, "एवढं समदं बोलनं या रेघोट्यांत मावतं?" ते मूळचे घोटीकडचे. नाशिकरोडला येऊन वीस वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच राहिलं होतं.

मी शहरातल्या एका सरकारी कचेरीत हंगामी टंकलेखक होते. रोज नाशिकरोडहून बसने जायचं, सहाला परत यायचं. आमची वस्ती बौद्धांची, मधोमध विहार, मागे रेल्वेची हद्द. तिथून बाहेर पडून मी शहरातल्या साहित्याच्या मंडळींत कशी जाऊन बसले, ते एका निवृत्त मुख्याध्यापकांमुळे. त्यांना सगळे 'सर' म्हणत. शहरातल्या एका शाळेच्या पटांगणावर दर जानेवारीत साहित्य सप्ताह व्हायचा. सात संध्याकाळी सात लेखक बोलायचे आणि प्रत्येक व्याख्यानानंतर तासभर गाणं. सर त्याचे कार्यवाह. कसल्याशा दाखल्यासाठी ते आमच्या कचेरीत आले होते. साहेबांनी सांगितलेलं पत्र मी उतरवून घेत होते, ते त्यांनी पाहिलं. आठ दिवसांनी पुन्हा आले ते माझ्याकडेच. या वर्षी स्मरणिकेत व्याख्यानं शब्दशः छापायची आहेत, तू लिहून घेशील का, असं त्यांनी विचारलं.

मी लगेच हो म्हटलं नाही. हे दुसऱ्या कुणाला न विचारता माझ्याकडे का आले, हा प्रश्न मला पडला होता. सरांच्या ओळखीत शॉर्टहँड येणाऱ्या मुली नव्हत्या असं थोडंच होतं. पण व्याख्यानं पुढच्या रांगेत बसून ऐकायला मिळणार होती. इतकी वर्षं मी तिथे मागच्या दोरीला टेकून उभी राहिले होते. मी हो म्हटलं.

ते आणीबाणीचं वर्ष होतं. पटांगणात पाच माणसं जमली तरी परवानगी लागायची. लेखकाचं नाव आणि विषय आधी पोलिसांकडे लिहून द्यावा लागायचा. मंडपाच्या दाराशी रोज एक हवालदार खुर्ची टाकून बसायचा. पण त्याची कुणाला भीती वाटत नसे, कारण तो गणवेशात होता. लोक घाबरायचे ते गणवेशात नसलेल्यांना. आपल्या शेजारी बसलेला अनोळखी माणूस कोण, हे नजरेनेच मोजायचे. एखाद्या वाक्यावर टाळी वाजवण्याआधी आजूबाजूला पाहायचे. मीही पाहायचे.

माझी जागा पहिल्या रांगेत डाव्या कोपऱ्यात, वाद्यांच्या जवळ. व्याख्यान चालू असताना पेटीवाले काका तिथेच माझ्या शेजारी येऊन बसायचे, कारण नंतर गाणाऱ्यांना साथ त्यांचीच असायची. पन्नाशीचे, बारीक, कानटोपी घातलेले. पहिल्याच दिवशी व्याख्यान संपल्यावर त्यांनी विचारलं की काय काय लिहिलंस, जरा वाचून दाखव. मी चार वाक्यं वाचली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तर त्यांनी, अमुक ठिकाणी पाहुणे नेमकं काय म्हणाले, असं खोदून विचारलं. मी चौकशी केली तेव्हा कळलं की काका कलेक्टर कचेरीत कारकून आहेत. त्या दिवसापासून मी त्यांना वाचून दाखवणं बंद केलं. अक्षर लागत नाही, घरी जाऊन लावावं लागेल, असं सांगायचे. ते मान डोलवायचे आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी विचारायचे. मला खात्रीच पटत चालली होती.

गंमत अशी की त्याच वेळी लोक माझ्याकडे तसंच बघत होते. मला ते फार उशिरा कळलं. पुढच्या रांगेत एक अनोळखी मुलगी बसते, मान खाली घालून एकसारखं लिहिते, आणि काय लिहिते ते शेजारच्याने डोकावून पाहिलं तरी वाचता येत नाही. कुठून येते, कुणाची कोण, कुणालाच सांगता येत नाही. सरकारी कचेरीत आहे, एवढं मात्र सगळ्यांना माहीत. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

चौथ्या संध्याकाळी जो लेखक आला तो पुण्याचा, कॉलेजात शिकवणारा. विषय दिला होता 'माझ्या गोष्टींचा जन्म'. थंडी कडाक्याची होती, बायकांनी शाली कानांवरून घेतल्या होत्या. पहिली वीस मिनिटं तो खरंच त्याच्या लहानपणाबद्दल बोलला. मग म्हणाला, आता एक नवीन गोष्ट सांगतो, अजून कुठे छापलेली नाही.

एक गाव होतं, तिथे एक शाळा. एक दिवस वरून हुकूम आला की आजपासून शाळेत 'न' हे अक्षर शिकवायचं नाही आणि कुणी उच्चारायचंही नाही. मास्तर हुकमाला घाबरले. त्यांनी फळ्यावरचा 'न' पुसला. मुलं बोलायला लागली की शब्द अर्धेच बाहेर पडायचे. नदीची झाली दी. नाशिकचं झालं शिक. इथे सगळा मंडप हसला, हवालदारही हसला. लेखक हसला नाही. तो म्हणाला, "हळूहळू मुलांच्या लक्षात आलं की आपल्याला 'नको' म्हणता येत नाही. आणि ज्याला नको म्हणता येत नाही, त्याला काहीही पाजता येतं."

मंडपात माना आजूबाजूला वळल्या. माझी पेन्सिल चालूच होती. शॉर्टहँड घेताना अर्थ मागून येतो, आधी हात ऐकतो. गोष्ट आणखी दहा मिनिटं चालली. हुकूम मोडणाऱ्या एका मास्तरांची बदली झाली, कुठे झाली ते कुणाला कळलं नाही, हेही त्यात होतं. लेखक खाली बसला तेव्हा टाळ्या अर्ध्याच वाजल्या. तबला लगेच सुरू झाला. एका बाईंनी भजनं गायली, आणि लोक कधी नव्हे इतके मन लावून ऐकत असल्यासारखे बसून राहिले. त्या दिवशी काकांनी मला काहीच विचारलं नाही. मला तेच जास्त लागलं.

पाचव्या दिवशी सगळं सुरळीत पार पडलं. सहाव्या दिवशी शनिवार होता, कचेरी लवकर सुटली म्हणून मी साडेचारलाच शाळेवर पोहोचले. फाटकाशी एक जीप उभी होती. सर व्हरांड्यात माझीच वाट पाहत होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तसा त्यांनी आधी कधी ठेवला नव्हता. आत एक गृहस्थ आले आहेत, काय विचारतील ते सांग, घाबरू नकोस, असं म्हणाले. मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारापर्यंत ते आले आणि मंडपाचं काम बघायचं आहे म्हणून निघून गेले.

आत साध्या कपड्यांतले एक फौजदार बसले होते. जाडसर, शांत, समोर चहाचा कप. दाराशी एक शिपाई. फौजदारांनी मला बसायला सांगितलं, नाव विचारलं, वडील काय करतात ते विचारलं, वस्तीचं नाव ऐकून मान हलवली. मग म्हणाले की गुरुवारी इथे काही वावगं बोललं गेल्याची तक्रार आहे, भाषणं टिपून घेणारा आमचा रिपोर्टर त्या दिवशी मालेगावला होता.

"पण तुमच्याकडे शब्द न् शब्द आहे," ते म्हणाले. "कार्यवाहांनीच सांगितलं."

मी मान खाली घातली. सरांनी माझं नाव दिलं होतं. विचारायला आले असतील तेव्हा गोंधळून दिलं असेल, असं मी त्या क्षणी मनाला समजावलं, आणि ते समजावणं मला खोटं वाटलं.

वही माझ्या पिशवीतच होती. नाही म्हणण्याची सोय नव्हती, शिपायाने पिशवीकडे पाहूनही घेतलं होतं. फौजदार म्हणाले, वाचा.

शॉर्टहँडबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यात शब्दांची फक्त हाडं असतात. व्यंजनांच्या रेघा काढायच्या, काना-मात्रा-वेलांट्यांचे ठिपके वेग असला की गाळायचे. नंतर वाचताना संदर्भाने शब्द भरायचा. मी पान उघडलं. बाहेर पटांगणात कुणीतरी तानपुरा लावत होतं, मधूनच तबल्यावर हातोडी पडत होती. मी लहानपणाचा भाग वाचला. मग पान उलटलं आणि त्या वाक्यावर आले. ह, क, म. एवढंच होतं तिथे. हुकूम.

मी वाचलं, "एक दिवस वरून हकीम आला."

ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. माझ्या डोळ्यांना तो शब्द तसा दिसला आणि तोंडातून गेला. गेल्यावर मात्र परत फिरता येत नव्हतं. हकीम म्हणाला, थंडीने पोरांची नाकं बसली आहेत, आठ दिवस 'न' म्हणू देऊ नका, नाकावर ताण येतो. हे नाकाचं माझ्या वहीत कुठेही नव्हतं. मास्तर हकिमाला घाबरले, हे मात्र होतं, जसंच्या तसं होतं. नदीची दी झाली, नाशिकचं शिक झालं. शिपाई हसला. मुलांना औषध नको म्हणता येईना, म्हणून हकिमाने त्यांना कडू काढे पाजले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. एका तालात, न अडखळता चालला होता. एखादं शासकीय परिपत्रक वाचावं तसा.

मग त्या बदली झालेल्या मास्तरांची ओळ आली. हुकूम मोडणं इथे कुठल्याच हकिमात बसेना. मी थांबले. नेमकं तेव्हाच बाहेर मंडपवाल्याने माइक लावून पाहिला, हॅलो हॅलो म्हणत राहिला, कर्णा खिडकीकडेच तोंड करून होता. आवाज थांबला तेव्हा मी चार ओळी सोडून पुढे वाचायला लागले होते.

वाचून संपल्यावर फौजदारांनी कपातला उरलेला चहा संपवला. "एवढंच?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी हात पुढे केला, वही घेतली, त्या पानावर बोट ठेवून रेघा निरखत राहिले. मला वाटलं, यांना येतं. हे सगळं मला अडकवण्यासाठी चाललं होतं.

"हकीम कुठल्या गावचा होता?" ते म्हणाले.

"ते त्यांनी सांगितलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला आजवर उलगडलेलं नाही. मग शिपायाला बोलावून त्यांनी शाळेचा टाइपरायटर मागवला. आत्ता वाचलं ते सगळं टाइप करून द्या आणि खाली सही करा, ऐकलं तसं लिहिलं म्हणून. मी टाइप केलं. हाताला काही झालं नाही, पण सही करताना पेन दोनदा उचलावं लागलं. वही त्यांनी ठेवून घेतली.

मी बाहेर आले तेव्हा पटांगणात लोक जमायला लागले होते. पोलिसांची जीप, मुख्याध्यापकांच्या खोलीतून बाहेर पडणारी मी आणि मला "बरंय बाई" म्हणून निरोप देणारे फौजदार, हे सगळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी पहिल्या रांगेत माझ्या उजवीकडच्या तीन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. काका वाद्यांच्या पलीकडे जाऊन बसले. त्या दिवशीचे लेखक कीटकांवर बोलले. खरंच कीटकांवर, सव्वा तास. मी एका नव्या वहीत सगळं लिहून घेतलं. निघताना सर म्हणाले की उद्या समाप्तीचं काही लिहून घ्यायचं नाही, तू दमली असशील, आली नाहीस तरी चालेल. मी गेले आणि मागच्या दोरीपाशी उभी राहिले.

घरी मी काहीच सांगितलं नव्हतं, पण वडिलांना दोनच दिवसांनी कामावर कळलं. कुणाचा तरी मेहुणा मंडपात होता. त्यांनी मला अंगणात बोलावलं आणि विचारायच्या आधी स्वतःच म्हणाले, "तू काय केलंस ते मला सांगू नको. उद्या मला कुणी इचारलं तर मला ठाव नसलेलं बरं." मला त्यांचा राग आला. बापालाही माझ्यावर शंका आहे असं मला वाटलं. ते भूमिहीनांच्या एका सत्याग्रहात महिनाभर आत राहून आले होते आणि पोलिसांचं विचारणं काय असतं ते त्यांना माहीत होतं, हे मी तेव्हा लक्षात घेतलं नाही.

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते सांगण्यासारखं नाही. कचेरीत पोस्टमन आला की मला वाटायचं, आता वही वाचली गेली. रस्त्यात कुणी दोनदा दिसलं की मी गल्ली बदलायचे. कचेरीतल्या दोघीजणी माझ्यासमोर बोलणं थांबवायच्या. देवळ्याहून एक स्थळ आलं होतं, मुलगा प्राथमिक शिक्षक, बोलणी जवळजवळ ठरली होती. त्यांनी निरोप पाठवला की मुलीचं पोलिसांकडे जाणं-येणं आहे असं ऐकलं. आईने खूप समजावलं, ती माणसं पुन्हा आली नाहीत. पुण्याच्या लेखकाला एकदा चौकीत बोलावलं आणि सोडून दिलं, एवढं मला कळलं होतं. माझ्या सहीच्या त्या कागदाने सोडलं की आणखी कशाने, ते कळायला काही मार्ग नव्हता. मनाच्या समाधानासाठी मी कागदानेच सोडलं असं धरून चालले होते.

आणीबाणी उठली, सरकार बदललं, आणि त्याच्या पुढच्या जानेवारीत सप्ताहाला तोच लेखक पुन्हा आला. पटांगण ओसंडून वाहत होतं. त्याने त्या गुरुवारची हकीकत रंगवून सांगितली. म्हणाला की आमच्या गोष्टीला पहिली वाचक मिळाली ती पोलीस खात्याची, पुढच्या रांगेत बसून इतक्या भक्तिभावाने लिहीत होती की मला वाटलं प्रकाशकाचं माणूस आहे. लोक खदाखदा हसले. काही माना मागे वळल्या. मी दोरीपाशी होते. निघून जावं असं वाटलं, पण गेले असते तर ते खरं झालं असतं.

व्याख्यान संपलं तेव्हा मी मंडपाच्या मागे चहाच्या टेबलापाशी गेले. लेखक तिथे दोघातिघांत उभा होता. मी सांगितलं, ती मी. आणि जे घडलं ते सगळं सांगितलं, खोलीतलं, हकिमाचं, सहीचं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते, त्यामुळे फार भरभर बोलले असेन. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, वही आहे का. मी म्हटलं, फौजदारांनी नेली ती परत मिळाली नाही.

तो हसला. चेष्टेने नाही, थकल्यासारखा. "बाई," तो म्हणाला, "गेल्या वर्षभरात मला वाचवणाऱ्या तुम्ही सातव्या."

त्याच्या जागी मीही विश्वास ठेवला नसता. त्या वर्षी जो तो उठून आपण काय काय केलं ते सांगत होता, आणि त्यातलं बरंच खोटं होतं हे मलाही ठाऊक होतं.

मी फाटकाकडे निघाले तेव्हा मागून कुणीतरी हाक मारली. पेटीवाले काका. गाणं सुरू व्हायला अजून वेळ होता. ते टेबलामागेच उभे होते म्हणे, त्यांना सगळं कळलं होतं. ते बरोबर चालायला लागले. मग म्हणाले, "माझा तुझ्यावर संशय नव्हता असं मी म्हणणार नाही."

मी म्हटलं, "माझाही तुमच्यावर होता."

त्यांनी मला पुन्हा बोलायला सांगितलं, ऐकू आलं नाही म्हणून. मी मोठ्याने सांगितलं. फाटकाशी उभा असलेला माणूस वळून बघायला लागला. तेव्हा काकांनी सांगितलं की त्यांना दोन-तीन वर्षांपासून कमी ऐकू येत होतं. पेटीचे सूर हाताला लागायचे, समोरच्याचं तोंड जवळून दिसलं की बोलणंही कळायचं, पण भाषण कर्ण्यातून आलं की नुसता गोंगाट व्हायचा. कुणाला कळलं असतं तर साथ सुटली असती. भाषणावर बोलणं निघालं की उघडं पडू नये म्हणून ते मला रोज वाचून दाखवायला सांगत. मी बंद केलं तेव्हा त्यांना वाटलं, हिला काहीतरी लपवायचं आहे.

मग मी त्यांना विचारलं की माझं नाव सरांनी दिलं हे त्यांना माहीत होतं का. काकांनी कानटोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाले, होतं. फौजदार आदल्या दिवशी येऊन गेले तेव्हा ते पेटी ठेवायला आत गेले होते. कोण लिहून घेतं, असं विचारल्यावर सरांनी माझं नाव आणि कचेरीचा पत्ता सांगितला. नंतर लोक माझ्याविषयी बोलायला लागले तेव्हाही सर काही म्हणाले नाहीत. काकाही म्हणाले नाहीत. "माझी नोकरी सरकारी," ते म्हणाले. मला त्यांचा रागही धड येईना. माझा संशय चुकीचा होता, आणि पूर्ण चुकीचाही नव्हता.

पुढच्या वर्षी डिसेंबरात सरांचा निरोप आला. स्मरणिका पुन्हा काढायची आहे, येऊन जा. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला आरामखुर्चीच्या समोर बसवलं, चहा सांगितला. माझ्या शॉर्टहँडचं कौतुक केलं, असा हात असलेलं माणूस पुन्हा मिळालं नाही म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही खोट नव्हती, म्हणून मी त्यांना सरळ विचारलं की सर, तुम्ही फौजदारांना माझं नाव का दिलंत.

त्यांनी नाकारलं नाही. चष्मा काढून पुसला. थोडा विचार करून, एखाद्या विद्यार्थ्याला गणित समजवावं तसं ते म्हणाले, "कुणाचं तरी नाव देणं भाग होतं. बाकी सगळे आमचेच होते."

बोलून झाल्यावर ते माझ्याकडे पाहत राहिले. पटलं ना, अशा नजरेने. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आलं असतं तर कदाचित मी भांडले असते. आतून चहा आला. मी तो पूर्ण प्यायले, कप खाली ठेवला, आणि यंदा मला जमणार नाही असं सांगून उठले. का जमणार नाही, ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काम आहे. ते मला पायरीपर्यंत पोचवायला आले.

वडिलांना मी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. आता कुणी विचारायला येणार नाही, ऐका, असं म्हणून सांगितलं. ते बिडी विझवून ऐकत बसले. सरांचं वाक्य सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर केली. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "त्यांचं चुकलं नाय. आपन त्यांचे नव्हतोच. तू उगा समजून बसली व्हतीस." मग बिडी पुन्हा पेटवत, "पन वाचलंस तू झ्याक."

आमच्या विहारापुढे मोकळी जागा होती. तिथे संध्याकाळची व्याख्यानं करायची हे नक्की कुणाच्या डोक्यातून निघालं ते आता आठवत नाही, वस्तीतले चार-पाचजण होतो. ऐंशी-एक्याऐंशीचा एप्रिल असेल. परवानगीचा अर्ज आता नुसता उपचार राहिला होता, तरी तो करावा लागायचा. त्यात जबाबदार व्यक्तीचं नाव लिहायची जागा होती. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी माझं नाव लिहिलं.

पहिल्या संध्याकाळी मालेगावचे एक विणकर बोलायला आले. उर्दूत गझल लिहायचे, बोलले मराठीत. माग चालत असताना ओळी कशा सुचतात आणि घरी जाईपर्यंत अर्ध्या कशा विसरल्या जातात, ते त्यांनी सांगितलं. नंतर आमच्या बायकांची गाणी होती. साथीला मी काकांना बोलावलं होतं. ते येतील अशी आशा नव्हती, कारण शहरातल्या मंडळींना हे कळणार होतं. ते बसने, पेटी मांडीवर घेऊन आले. बायका सूर बदलायच्या आणि काका आधीच्याच सुरात पुढे जायचे. मग एकीने गाता गाता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पट्टी बोटांनी दाखवली. त्यानंतर जमलं.

तिसऱ्या रांगेत एक अनोळखी माणूस बसला होता. पांढरा शर्ट, हातात छोटी वही, मधून मधून काहीतरी टिपत होता. मी दोनदा त्याच्या मागून चक्कर मारली, वहीत डोकावता येतं का पाहिलं. आलं नाही. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा आई मला खाली ओढून म्हणाली, बस ना जरा, गाणं ऐक. मी बसले. गाणं संपेपर्यंत तो माणूस उठून गेला होता. मी शेजारच्या दोघांना विचारलं, कोण होता. त्यांना वाटलं होतं, माझ्याच ओळखीचा असेल.